एकसष्ट सूचना, आठ मिनिटं

नाशिक, ६ सप्टेंबर २०२५

प्रिय महेश,

तुझा फोन बंद, मेलला उत्तर नाही. म्हणून आज शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं घेऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, "राखी तर होऊन गेली ना?" राखीशिवाय कोणी पाकीट घेतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. कागदावर लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. साहेबांनी ताकीद दिली आहे, की आपल्या पुराच्या इशाऱ्याच्या भोंग्यांबद्दल मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर एक अक्षर लिहायचं नाही. कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत.

तू कंपनी सोडून नऊ दिवस झाले. तुझ्या जागेवर अमित बसतो. तुझा तो कान तुटलेला कप त्याने टाकायला काढला होता, मी माझ्या खणात ठेवला आहे. अकराही गावांच्या भोंग्यांत दुरुस्ती झाली. कोडात राहून गेलेली ती एक ओळ अमितने घातली, आणि "कारण सापडले, दोष दूर केला" असं लिहून साहेबांनी फाइल बंद केली.

काल सिव्हिलला नवसाबाईंना भेटून आले. खुब्याचं ऑपरेशन झालंय. मेथीच्या जुड्या धुवायला नेहमीसारख्या नदीत उतरल्या होत्या. वर धरणातून पाणी सोडलेलं, बाकीच्या गावांत भोंगा वाजला, यांच्याकडे वाजला नाही. लोंढ्याने आपटल्या आणि दीड तास बाभळीला धरून होत्या. मला म्हणाल्या, "भोंगा बसल्यापासून पान्याकडं कोन बघतंय बाई? आधी पान्याचा रंग पालटला की आमी वर यायचो. आता कान देऊन बसायचो. वाजला नाय म्हणून उतरले." डॉक्टर म्हणतात चालतील, पण मांडी घालता येणार नाही. म्हणजे बाजारात जमिनीवर बसून भाजी विकणं संपलं.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. तू स्वतःला खात बसला असशील हे मला माहीत आहे. असं कोणाच्याही हातून झालं असतं, एवढंच सांगायचं होतं. कोड लिहिणं सोडू नकोस. तुझ्यासारखं कोड लिहिणारा सातपूरमध्ये दुसरा नाही.

सुवर्णाला आणि समर्थला आशीर्वाद.

तेजश्रीताई


देवळा, १२ सप्टेंबर २०२५

तेजश्रीताईंना सुवर्णाचा नमस्कार.

पत्र त्यांच्या नावाने होतं, उत्तर मी देतेय. त्यांनी तुमचं पत्र वाचलं, घडी घातली आणि देवळीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा वाचलं. लिहायला मात्र बसेनात. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या बाई स्वतःच्या हाताने लिहितात आणि आपण गप्प बसायचं, हे बरं दिसत नाही.

ताई, कंपनीतून तुम्ही एकट्यांनीच विचारपूस केलीत. बाकी लोक लग्नाला, बारशाला येऊन जेवून गेलेले, पण आता एकाचाही फोन नाही. तुमच्यासारखं माणूस त्यांच्या पाठीशी आहे म्हणून मला धीर आहे, हे मनापासून सांगते.

त्यांचं काय चाललंय ते लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगू? कॉम्प्युटर कपाटावर टाकून दिलाय. सकाळपासून सासऱ्यांबरोबर कांदाचाळीत कांदा निवडतात. तेही कसं, एकेक कांदा हातात घेऊन चारी बाजूंनी बघतात. सासरे म्हणाले, "असा निवडशील तर दिवाळी इथेच होईल." सासूबाई ताटावर बसलेल्या मुलाकडे बघून विचारतात, "काय व्हयनं रे भाऊ तुले?" आणि ते तसेच हात धुऊन उठतात.

मला मात्र एकच प्रश्न विचारतात, दिवसातून दोनदा तरी. "मी ती सूचना वाचली होती का गं?" मी काय सांगणार? म्हणतात, "माझं नाव आहे म्हणजे मी वाचलीच असणार. वाचून खोटी ठरवली. पण मला आठवत का नाही? बाईचा पाय मोडला आणि मला आठवतसुद्धा नाही, असा कसा माणूस मी?" चूक केली याच्यापेक्षा ती आठवत नाही, हेच त्यांना जास्त खातंय.

आणि ताई, ही आत्याबाई कोण? "आत्याबाईने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही" असं झोपेत बोलतात. आमच्याकडे एक खऱ्या आत्या आहेत, त्या तर या बाबतीत काही बोललेल्या नाहीत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, मला कळेल असं सांगाल का?

समर्थ आता धावतो. धरून ठेवावं लागतं.

तुमची,
सुवर्णा


नाशिक, १७ सप्टेंबर २०२५

प्रिय सुवर्णा,

तुझं पत्र आलं. तीनदा उत्तर लिहून फाडलं, हे चौथं.

आधी आत्याबाईची ओळख करून देते. ते माणूस नाही, एक प्रोग्रॅम आहे. आमच्या भोंग्याच्या पेटीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळं बिघडलं तरी चालतं, पण तो अडला की पेटी म्हणजे नुसता डबा. त्या गाभ्यात धरणाकडून आलेला संदेश घेणारा भाग महेशने लिहिला. आणि आत्याबाई तो कोड न चालवता, नुसता वाचून चुका काढते. एवढ्या खोडी काढते की महेशनेच तिचं हे नाव ठेवलं. "भात कच्चा, वरण पातळ, सून उशिरा उठते," असं तो तिच्या सूचना वाचताना म्हणायचा, आणि सगळा विभाग हसायचा.

गंमत अशी, की तिच्या दहातल्या नऊ खोडी खोट्या असतात. जिथे काही बिघडणार नाही तिथेही ती ओरडते. पण दहावी खरी असते, म्हणून प्रत्येक वाचावी लागते. आमचा नियम असा: ज्याचा कोड त्याने सूचना वाचायची. खोटी वाटली तर कारण आणि स्वतःचं नाव लिहायचं. मग ती सूचना पुन्हा दिसत नाही. सगळ्या मिटल्या, यादी शून्यावर आली, की माल बाहेर.

त्या दिवशी काय झालं, तेही सांगते. गाभ्यात काही जागा अशा असतात की एका वेळी एकानेच आत जायचं. आत जाताना कडी लावायची, निघताना काढायची. महेशच्या कोडात सगळीकडे कडी बरोबर निघते. फक्त धरणाचा संदेश अर्धवट आला तर मागे फिरताना काढायची राहिली होती. आमच्या कचेरीत संदेश कधी अर्धवट आलाच नाही. इगतपुरीकडच्या ऑगस्टातल्या पावसात आला. कडी लागून राहिली, आणि पाणी सोडल्याचा पुढचा संदेश दाराबाहेर उभा राहिला. आत्याबाईने नेमकं हेच सांगितलं होतं: इथे कडी निघत नाही. त्या सूचनेपुढे नोंद आहे, "पाहिले, अडचण नाही. महेश." तारीख २४ मार्च, सोमवार.

चौकशीत साहेबांनी ती नोंद पडद्यावर दाखवली, फक्त मजकूर आणि नाव. महेश बघत राहिला आणि म्हणाला, "माझं नाव आहे, म्हणजे मीच." कोणी पुढे काही विचारलं नाही.

त्याला सांग, एवढं खाऊ नकोस म्हणावं स्वतःला. मार्चअखेरीची घाई होती. घाईत कोणाचंही होतं.

समर्थला पापा.

तेजश्री


देवळा, २४ सप्टेंबर २०२५

तेजश्रीताई,

तुमचं पत्र घटस्थापनेच्या दिवशी आलं. घरात पाहुणे होते म्हणून काल वाचलं, आणि मग पुन्हा पुन्हा वाचलं.

ताई, २४ मार्चला समर्थचं जावळ होतं.

आम्ही शनिवारी देवळ्याला आलो आणि मंगळवारी परत निघालो. सोमवारी सकाळी जावळ झालं. समर्थ माझ्या भावाच्या मांडीवर बसला, न्हाव्याने वस्तरा लावला आणि त्याने जो गळा काढला तो संध्याकाळपर्यंत. दुपारी पंगती होत्या. महेश वाढायला होते, बुंदी त्यांच्याकडे. त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता आणि पिशवी कुलपात. फोटो आहेत, फोटोवर वेळसुद्धा आहे. कॉम्प्युटर तर त्यांनी नाशिकलाच ठेवला होता. तुम्हीच रजा देताना म्हणाला होतात ना, "तीन दिवस कोडाचं तोंड बघू नकोस"?

मी अजून त्यांना काही बोललेले नाही. बोलले तर ते म्हणतील, तुझा काहीतरी घोटाळा होतोय. ते स्वतःवर इतके रागावलेत, की त्यांना सुटका नकोच आहे.

म्हणून तुम्हाला सरळ विचारते. मी लहान आहे, राग मानू नका. माझा नवरा दिवसभर बुंदी वाढत होता. मग त्याचं नाव तिथे कोणी लिहिलं?

सुवर्णा


नाशिक, २७ सप्टेंबर २०२५

सुवर्णा आणि महेश,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

मी लिहिलं. महेश, ती सूचना तू वाचलेली नाहीस. तुला आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तुझी स्मरणशक्ती ठीक आहे आणि माणूसही तू ठीक आहेस.

त्या सोमवारी एकसष्ट सूचना उरल्या होत्या, सगळ्या तुझ्या भागातल्या. दुसऱ्या दिवशी अधिकारी येणार होते आणि मी साहेबांना शब्द दिला होता की यादी शून्य दाखवीन. तुला फोन करता आला असता. जावळ आहे, कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर तू म्हणाला असतास, "ताई, दोन दिवस थांबा, एकेक बघतो," आणि मला तेच ऐकायचं नव्हतं. तुझा पासवर्ड मला माहीत होता. तुझ्या मशीनवर बसले, सगळ्यांना एकच कारण चिकटवलं आणि तुझं नाव घातलं. नियम होता ना, ज्याचा कोड त्याचं नाव. नियम मोडतानासुद्धा मी नियम पाळला. मंगळवारी यादी शून्य. साहेबांनी सगळ्या विभागाला मिसळ खाऊ घातली आणि माझं कौतुक केलं. तू बुधवारी आलास, तेव्हा तुझ्यासाठी राखून ठेवलेली मिसळ तू गार खाल्लीस आणि वर म्हणालास, "ताई, माझ्या वाटणीची राखून ठेवलीत, आभारी आहे."

चौकशीच्या खोलीत मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. "माझं नाव आहे म्हणजे मीच," असं तू म्हणालास, तेव्हा तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. तो गेला. मग संध्याकाळ गेली. मग प्रत्येक रविवारी ठरवायचं, सोमवारी सांगेन. असे पाच सोमवार झाले.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. नवसाबाई मला म्हणाल्या होत्या, "तुमच्यातला एक पोरगा येऊन गेला. पाया पडला माज्या. म्हनला, माज्यामुळं झालं. लय रडला. मी म्हनलं, जाऊ दे बाबा, तू काय मुद्दाम केलं का?" आणि मग मला विचारलं, "तुमी कोन?" मी म्हटलं, "ओळखीची." महेश, तू माझ्या वाटणीची माफी मागून आला होतास, आणि मी तिथे संत्री घेऊन ओळखीची म्हणून बसले होते. लाज वाटते म्हणणंही आता सोपं वाटतं.

सुवर्णा, ती तारीख मी चुकून लिहिली नव्हती. जावळ माझ्या लक्षात होतं, मी अंगठी पाठवली होती समर्थला. तुझ्या लक्षात येईल आणि तू विचारशील, मग मला सांगावंच लागेल, म्हणून लिहिली. स्वतःहून बोलायची हिंमत नव्हती, तेव्हा तुला पुढे केलं. तुझ्या आधीच्या पत्रातलं "तुमच्यासारखं माणूस पाठीशी आहे" हे वाक्य मी अजून डोळे उघडे ठेवून वाचू शकत नाही.

माझे बाबा पंचवटीत आयुष्यभर पूजा सांगत आले. मी लहान असताना ते पाठ म्हणायचे आणि मी समोर पोथी धरून बसायचे. ते चुकले की त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, हे माझं काम. एकदा खेळायला जायची घाई होती म्हणून मी चूक ऐकूनही टिचकी मारली नाही. त्यांना ते कळलं होतं. म्हणाले, "तेजू, मी चुकलो ती माझी चूक. तू ऐकून गप्प बसलीस, आता ती तुझी." नऊ वर्षांची होते. आज एक्केचाळीस वर्षांची आहे आणि चौकशीपासून बाबांना तोंड दाखवायला पंचवटीत गेलेली नाही.

सोबत छापील कागद आहेत. त्या एकसष्ट सूचना आणि प्रत्येकीजवळचा कोड. कंपनीबाहेर नेणं गुन्हा आहे, असू दे. महेश, तू फक्त वेळ बघ. पहिली नोंद चार वाजून बारा मिनिटांची, शेवटची चार वीसची. आठ मिनिटांत एकसष्ट. तू एवढ्या वेळात एक वाचत नाहीस. यावरून तरी तुझी खात्री पटेल.

सोमवारी साहेबांना सांगणार आहे. हे वाक्य मी आधी पाच वेळा मनात लिहिलंय, कागदावर पहिल्यांदाच लिहितेय.

क्षमा मागत नाही. मागायचा हक्क कोणत्या तोंडाने सांगू?

तेजश्री


देवळा, ३ ऑक्टोबर २०२५

ताई,

पत्र मंगळवारी मिळालं. सुवर्णाने वाचून दाखवलं. ती मधेच थांबली, पुढचं मी वाचलं. मग मी चाळीत जाऊन बसलो. आईला वाटलं, पुन्हा तेच. पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो, हे तुम्हाला सांगायला हवं.

राग आला. अजून आहे. सव्वा महिना मी स्वतःच्या डोक्यात एक सोमवार शोधत होतो, जो तिथे नव्हताच. याची भरपाई कशी करतात मला माहीत नाही, आणि तुम्ही ती सुचवू नका.

पण कडी काढायची विसरलो ते मी. ते तुम्ही नाही केलंत. आत्याबाईने टिचकी मारली, ती तुम्ही माझ्यापर्यंत पोचू दिली नाहीत. नवसाबाईंच्या पायात आपण दोघंही आहोत. मी त्यांच्या पाया पडलो ते वाया गेलं नाही. तुमचं पडायचं राहिलंय.

आता कामाचं. तुम्ही लिहिलंत फक्त वेळ बघ. ताई, तुम्ही मला एवढी वर्षं ओळखता, तरी असं कसं लिहिलंत? माझ्या कोडावरच्या सूचना हातात आल्यावर मी वेळ बघून ठेवून देईन? तीन दिवस वाचतोय. दसऱ्याला सगळे सोनं वाटायला गेले, मी ओट्यावर कागद पसरून बसलो होतो. समर्थने बावीस नंबर फाडला, तो चिकटवून वाचला.

एकोणसाठ खोट्या आहेत. दोन खऱ्या.

एक तुम्हाला माहीत आहे. दुसरी अठ्ठेचाळीस नंबरची. संदेश घेत असताना वीज गेली आणि पेटी बॅटरीवर आली, तर माझा कोड मेमरीतली मोकळी केलेली जागाच पुन्हा वापरायला जातो. कधी निभेल, कधी पेटी जागच्या जागी ठप्प होईल. तुम्ही तिच्यापुढेही "पाहिले, अडचण नाही" लिहिलंय. अपघातानंतर ती कोणी बघितली नाही, दोषाचं कारण सापडलं होतं ना. कारण मी होतो. माणूस सापडल्यावर उरलेल्या साठ कोण वाचणार?

धरणं भरलेली आहेत. परतीचा पाऊस जायचाय, तो विजा घेऊन येतो आणि तिकडे रोज दिवे जातात. त्या अकरा गावांत पाण्याचा रंग बघणारं आता कोणी नाही, सगळे कान देऊन बसलेत. हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. म्हणून आज फोन सुरू केला आणि पहिला फोन साहेबांना लावला. नाव ऐकून त्यांनी ठेवून दिला. अमितने ऐकून घेतलं, पण म्हणाला, बंद फाइल उघडायला तेजश्रीमॅडमची सही लागते. म्हणजे तुम्हीच. तुम्हालाही दोनदा लावला, तुम्ही उचलला नाहीत. समजू शकतो. पण आता उचला.

तुमचा सोमवार होऊन गेला. सांगितलंत की नाही, ते मी विचारत नाही. आज विचारायची गोष्ट वेगळी आहे.

एकसष्ट कागद परत पाठवतोय. प्रत्येकावर कारण माझ्या अक्षरात आहे आणि खाली माझी सही आहे, या वेळी खरी. अठ्ठेचाळीसवर दुरुस्ती लिहिली आहे, चार ओळींची आहे. तीही वाचल्याशिवाय घेऊ नका, मी आधी चुकलेलो आहे. एकेक कागद स्वतः वाचा, घाई करू नका, पण रात्र घालवू नका. प्रत्येकावर माझ्या सहीशेजारी तपासणाऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे.

तिथे तुमचं नाव लिहा.

महेश